फौजीआबांचं लांब तोरण

फौजीआबांना गुपित सांगायची सोय नव्हती. एकाहत्तरच्या लढाईत ते तोफखान्यात होते. तोफांच्या आवाजानं एक कान गेला आणि तेव्हापासून आबा कुजबुजले तरी शिरड शहापूरच्या रस्त्यावरची माणसं वळून बघायची. त्यांची आणि आमची भिंत एकच, त्यामुळे त्यांच्याकडे आज भाजी कसली हे मला न विचारता कळायचं. ऐंशी ओलांडून गेल्या हिवाळ्यात ते गेले. गल्लीत आता शांतता आहे आणि ती मला मुळीच आवडत नाही.

पेन्शनीवर आलेला माणूस ओट्यावर बसून लढाईच्या गप्पा हाणतो. आबांना ते जमलं नाही. लग्नाच्या पंगतीत वाढायला, सिद्धेश्वर धरणाच्या कालव्यात लेकरांना पोहायला शिकवायला, कुणाची विहीर खचली तर घमेलं उचलायला आबा पुढे. कुणी कौतुक केलं की म्हणत, "सरकार पेन्शन देऊन राहिलं, ते काय खाटंवर पडायसाठी?"

अशा माणसाला एकच गोष्ट सलत होती. एकुलती लेक कौसाताई गावातच, खालच्या गल्लीत दिलेली. पोळ्याला तोरणाखालून पहिला बैल कुणाचा, यावरून खालच्या गल्लीचं आमच्या वरच्या गल्लीशी जुंपलं, डोकी फुटली. मग दोन तोरणं, दोन पोळे आणि सणावाराला येणं-जाणं बंद. गावाबाहेरच्या बंजारा तांड्याचे बैल नेहमी शेवटी असायचे, ते तर येईनासेच झाले. बापलेक एका गावात राहून भेटायचे ते जवळा बाजारच्या आठवडी बाजारात, चोरून. चोरून कसलं! "कौसे, लेकरू कसं हाय?" असं आबांनी विचारलं की कापसाच्या गाडीवरची माणसंही उत्तरासाठी थांबायची.

पाय थकायला लागले तेव्हा आबांनी मनावर घेतलं. "मरायच्या आधी लेक सणाला माझ्या दारात आली पायजे," म्हणाले आणि दोन्ही गल्ल्या, तांडा, सगळं पालथं घातलं. मान कुणाचा यावर अक्षर बोलले नाहीत. "आमच्या तोफा बाजूबाजूला उभ्या ऱ्हायच्या. पैली कोन्ती, हे कुनी इचारलं न्हाई. तरी जिंकलोच की! मंग बैलं काहून एकामागं एक घालता? तोरणच लांब करा." त्यासाठी त्यांनी घरटी बैल बांधायचं एक दावं मागितलं.

पोळ्याच्या दुपारी वरच्या गल्लीची आणि तांड्याची दावी एकाला एक बांधली, आंब्याची पानं लावली. तोरण शाळेपुढच्या मैदानाच्या निम्म्यापर्यंतच पोचलं. खालच्या गल्लीतून चिटपाखरू नाही. आबा पदकं लावून उन्हात ताटकळत उभे. त्यांचा चेहरा मला बघवेना.

आणि जावई आला. खांद्यावर दावं, मागे बैलजोडी.

"मामा, हे घ्या. दावं दिल्याबिगर पुरण शिजवायची न्हाई म्हणते तुमची लेक. साऱ्या गल्लीच्या बायका तिच्या बाजूनं हायत. एकाबी घरात चूल पेटली न्हाई!"

त्याच्यामागे उपाशी, ओशाळलेली अख्खी खालची गल्ली दावी घेऊन उभी होती. तोरण पार शाळेच्या कोपऱ्यापर्यंत गेलं. त्याच्यामागे तिन्हीकडचे बैल खांद्याला खांदा लावून उभे राहिले. आबांनी "चलो!" अशी आरोळी ठोकली आणि सारे एकदम सुटले. असा पोळा मी पाहिला नव्हता. मी वेड्यासारखा ओरडत होतो.

संध्याकाळी जावयाची जोडी आबांच्या दारात पूजेला आली. मागे कौसाताई. आबांच्या घरच्या काकूंनी बैलांच्या पायांवर पाणी घातलं आणि ताट पुढे केलं. आबांनी पुरणपोळीचा पहिला घास मोडला आणि सरळ लेकीच्या तोंडात घातला.

काकू ओरडल्या, "अवं, पैले बैलाला द्यायची असती!"

"बैलं आज सारे बराबर," आबा म्हणाले. "पैला मान माझ्या लेकीचा."

बैलांची काही हरकत दिसली नाही. गावात कुणाचीच नव्हती.