शेड कार्डावरची खाज

"सर, आधी तो पिवळा बल्ब बंद करा," मिलमध्ये कापड रंगवून घेणारे डाइंग मास्टर म्हणाले. "पिवळ्या उजेडात शेड फसवते."

मी बल्ब बंद केला. माझाच दवाखाना, माझंच टेबल, त्यावर माझा पेशंट उताणा पडलेला, आणि पेशंटचे मालक त्याच्या पोटाला शेड कार्ड लावून बघत होते. शेड कार्ड म्हणजे कापडाच्या बोटभर तुकड्यांची पट्टी. प्रत्येक तुकड्याचा रंग जरासा वेगळा आणि प्रत्येकाला नंबर. व्यापारी नंबर सांगतो, मिल तसा रंग काढून देते.

"हे बघा. काल सकाळी तेरा नंबर होता. आज एकोणीस. एका रात्रीत सहा शेड डार्क."

मी जनावरांचा डॉक्टर. सुरतच्या लिंबायतमध्ये वीस वर्षं बसतोय. मला तोवर तीनच शेड माहीत होत्या: लाल, फार लाल, आणि "डॉक्टर, काहीतरी करा ना".

पेशंटचं नाव भोलू. पाच वर्षांचा फिकट लॅब्राडॉर, स्वभावाने गरीब. त्याला ॲटॉपी होती. साध्या भाषेत सांगायचं तर धूळ, गवत, परागकण असल्या गोष्टींची अंगातच असलेली ॲलर्जी. ती बरी होत नाही, आपल्या बीपीसारखी सांभाळावी लागते. रोज गोळी, आठवड्याला औषधी शांपू, मधूनमधून कानात ड्रॉप. हे पहिल्या दिवशी सांगितलं की लोक मान डोलावतात. सहा महिन्यांनी परत सांगितलं की डॉक्टर बदलतात. मास्टरांनी दोन वर्षांत डॉक्टर बदलला नव्हता, त्याचीच मला जास्त लाज वाटायची. मी मात्र गोळी बदलली, खाणं बदललं, शांपू तीनदा बदलला. दर वेळी आधीपेक्षा महाग. भोलू खाजवतच होता.

मास्टरांच्या मिसेस, आमच्या वहिनी, दर वेळी सोबत यायच्या. आम्ही सगळे मूळचे धुळ्याकडचे, त्यामुळे त्या माझ्याशी घरच्यासारखं अहिराणीत बोलायच्या. "कुत्रा खाजस आनि झोप मन्ही जास," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्या दिवशी मात्र त्या खुर्चीवर बसल्यासुद्धा नाहीत. कामाचं बोलायचं असलं की त्या साध्या मराठीवर यायच्या.

"हा रविवार सोडून पुढच्या रविवारी माझा भाऊ पिकअप घेऊन येतोय," त्या म्हणाल्या. "बारडोलीला त्याचं उसाचं मोकळं रान आहे. भोलू तिकडेच राहील."

"वहिनी, उसात धूळ, गवत. याची ॲलर्जी वाढेल. आणि तिथे रोजची गोळी कोण देणार?"

"मग तुम्ही ठेवून घ्या."

बाई दुष्ट नव्हती. हे बोलताना तिचा हात भोलूच्या कानामागे चालूच होता. दोन वर्षं रात्रभर जागायचं, सकाळी डबे करायचे आणि पगाराचा मोठा तुकडा औषधाच्या दुकानात ठेवून यायचा, हे कुणाला जमेल? मास्टर शेड कार्डाची घडी घालत बसले. मला त्यांच्याकडे बघवेना.

"हे शेडचं तुम्ही रोज बघता?" मी विषय बदलायला विचारलं.

"रोज सकाळी सहाला. एकाच ट्यूबलाइटखाली." त्यांनी पिशवीतून रजिस्टर काढलं. दर तारखेपुढे भोलूच्या पोटाच्या रंगाशी जुळणारा कापडाचा तुकडा चिकटवलेला, खाली नंबर.

मी हसत हसत पानं उलटली. चौथ्या पानावर हसू थांबलं. प्रत्येक मंगळवार डार्क होता. मग रोज थोडा थोडा उतरत सोमवारी सकाळी फिकट, आणि मंगळवारी परत डार्क. परागकण काही वार बघून उडत नाहीत.

"मास्टर, सोमवारी काय असतं?"

"सोमवारी मिलला सुट्टी. मी घरी असतो. त्याला आंघोळ घालतो."

"कशाने?"

"तुम्ही दिलेल्या शांपूने."

"आणखी कुठलं औषध लावता?"

"नाही सर. तुमच्या औषधाशिवाय एक थेंब नाही." त्यांनी गळ्याला हात लावून शपथ घेतली, आणि ते खरंच बोलत होते.

माणूस शांपू चुकीचा लावत असणार, असं मी धरलं. म्हटलं, येत्या सोमवारी आंघोळ माझ्यासमोर घाला.

सोमवारी त्यांच्या गच्चीवर पोचलो. मास्टर गमबूट घालून तयार होते. बादलीत थर्मामीटर. पाण्यात पीएच पेपर बुडवला, म्हणजे पाणी आम्लधर्मी आहे की अल्कधर्मी ते रंगाने दाखवणारी पट्टी, आणि ती उजेडात धरून म्हणाले, "सात. न्यूट्रल." मग शांपू मापाने, पातळ करून, केसांच्या मुळापर्यंत. घड्याळ लावून दहा मिनिटं थांबले. मग तीन वेगवेगळ्या पाण्यांनी धुतलं. भोलू बिचारा रांगेत उभा असल्यासारखा उभा. वीस वर्षांत इतकी चोख आंघोळ मी पाहिली नव्हती, कुत्र्याचीच काय, माझीसुद्धा.

चूक काढायला आलो होतो, एकही सापडली नाही. वहिनींनी चहा दिला. तो पिऊन मी चपला घालायला वळलो.

"बसा ना सर," मास्टर म्हणाले. "अजून फिनिशिंग राहिलंय."

"कसलं फिनिशिंग?"

त्यांनी टाकीमागून एक कॅन आणला. आत दुधासारखं पांढरं काहीतरी.

"सॉफ्टनर," ते म्हणाले.

कापड रंगवून धुतलं की ते पापडासारखं कडक होतं. म्हणून शेवटी ते सॉफ्टनरच्या पाण्यातून काढतात. मग दुकानदार अंगठ्याने चोळून म्हणतो, वा, काय माल आहे.

"तुमच्या शांपूने भोलू पार रखरखीत होतो, सर. असा माल बाहेर कसा सोडायचा?"

"मास्टर, मी विचारलं होतं, आणखी काही लावता का म्हणून."

"तुम्ही औषध विचारलं. हे औषध कुठंय?"

"आणि हे लावून परत धुता ना?"

मास्टरांनी माझ्याकडे दया आल्यासारखं बघितलं. "सॉफ्टनरनंतर धुवायचं नसतं, सर. फील जातो."

म्हणजे मिलमधलं केमिकल ॲलर्जीवाल्या कुत्र्याच्या अंगावर वाळत होतं, आणि तो ते चाटतही होता. मी चिडून तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांनी माझी फाईल पुढे केली. त्यावर माझ्याच अक्षरात तीनदा लिहिलं होतं: कोट एक्सलंट. कोट म्हणजे अंगावरचे केस. दर वेळी मी हात फिरवून खूश झालो होतो.

"तुमचा शेरा वाचून मी डोस दुप्पट केला," मास्टर म्हणाले.

मी फाईल मिटून परत दिली. वहिनी सगळं ऐकत होत्या.

"म्हणजे दोन वर्षं हे या माणसामुळे?"

"सगळं नाही. ॲलर्जी आहेच, ती जन्मभर राहणार. पण तिच्यावर दर सोमवारी तेल ओतलं जात होतं. आणि वहिनी, निम्मी चूक माझी आहे."

वहिनींनी आधी मास्टरांकडे बघितलं, मग भोलूकडे. "भोलूले ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या. "बारडोलीले यास्ले धाडा."

गेल्या वेळचं काही उरलं असेल म्हणून भोलूला पुन्हा साध्या पाण्याने धुतलं. कॅन मी स्वतः माझ्या स्कूटरवर ठेवून आणला. मास्टर जिन्यापर्यंत सोबत आले, कॅनसाठी.

त्यानंतर मी मालकांना "औषध काय लावता" विचारून थांबत नाही. "आंघोळीनंतर काय काय करता" विचारतो आणि उत्तर संपेपर्यंत पेन खाली ठेवतो. गेल्या महिन्यात एक आजोबा म्हणाले, "काही नाही, फक्त पावडर, अत्तर आणि थोडी व्हिक्स."

त्या आंघोळीनंतरच्या गुरुवारी सकाळी दहाला मास्टरांचा फोन आला. आवाज घोगरा.

"सर, एक सर्टिफिकेट पाहिजे. आठची ड्यूटी होती, मी आत्ता उठलो."

"वहिनी?"

"झोपल्यात. पोरं पण. शाळा बुडाली."

"आणि भोलू?"

"रात्री नऊला आडवा झाला, तो अजून हललेला नाही. मी नाकासमोर हात धरून बघितलं. बरा आहे. हिने भावाला काल संध्याकाळीच फोन केला, सर. पिकअप आणू नको म्हणून."

मी पेन उचललं. पण मी जनावरांचा डॉक्टर, माणसाला सर्टिफिकेट देता येत नाही. म्हणून ते भोलूच्याच नावाने लिहिलं, सही केली, शिक्का मारला: "प्रमाणित करण्यात येते की पेशंट भोलू यास काल रात्री अजिबात खाज नव्हती. सबब घरातील सर्वांस कामावर जाण्यास उशीर झाला."