शर्ट न काढता

माझ्या लेकाला आम्ही मुलगी म्हणून वाढवलं. आता छाती सपाट दिसावी म्हणून तो बाइंडर नावाचं घट्ट बनियन घालतो आणि त्याच्या बरगड्या दुखतात. हाताने सांधे मोकळे करणाऱ्या आधीच्या ऑस्टिओपॅथने शर्ट काढायला सांगितला, तर हा उठून घरीच आला. आज हॅरो उपनगरात नव्या ऑस्टिओपॅथ बाईंकडे गेलो. इथूनही उठतो की काय, मला धास्ती!

बाई म्हणाल्या, "शर्ट राहू दे. पाठीला हात लावला तर चालेल?"

तो हो म्हणाला! त्यांनी पाठ, खांदे हळूहळू मोकळे केले. "आता मोठा श्वास घे." त्याने छाती भरून घेतला, अजिबात न कळवळता! मग माझ्याकडे बघून हसला. "आई, श्वास मला घ्यायला सांगितलाय. तू कशाला रोखून बसलीस?"