मुक्ताचा प्रश्न

अतिदक्षता विभागाबाहेर आम्ही सगळे डॉक्टरांसमोर माना खाली घालून उभे होतो. माझी मुलगी मुक्ता त्याच सकाळी जर्मनीहून पोचली होती. तिनं शांतपणे विचारलं, "डॉक्टर, व्हेंटिलेटर लावला तर बाबा पुन्हा आम्हाला ओळखतील का?"

"नाही," डॉक्टर म्हणाले.

हा प्रश्न आमच्या प्रत्येकाच्या मनात होता. विचारला तिनं. इथे कॉलेजात शंका आली तरी हात वर न करणारी ही मुलगी. "आई, इकडे गप्प बसलं की सरांना वाटतं, हिचा अभ्यासच झालेला नाही," असं ती जर्मनीला गेल्यावर सुरुवातीला फोनवर रडत म्हणाली, तेव्हा तिला परत बोलवावं असं मला वाटलं होतं. तिचे बाबा म्हणाले, "राहू दे तिला. शिकेल."

मुलं परदेशात मोठी होतात ती आपल्या नजरेआड, एकटीच. ते मोठेपण आपल्याला कुठे भेटेल, हे आपल्या हाती नसतं.

"मग नका लावू," मुक्ता म्हणाली आणि माझ्याकडे वळली. "आई, चालेल ना?"

मी मान हलवली. आम्ही दोघी आत गेलो. बाबांचा हात हातात घेऊन ती त्यांना तिकडच्या प्रयोगशाळेतल्या गमती सांगू लागली. संध्याकाळी ते गेले, तेव्हाही ती बोलतच होती.