मधुकरच्या वाट्याच्या तीन फैरी

आता जवान गेला की त्याचा देह विमानानं घरी येतो. आमच्या काळी येत नसे. जिथं पडला तिथंच दहन. घरी जायचा तो अस्थींचा कलश आणि काळी ट्रंक.

नाईक मधुकर गजभियेचा देह घरी गेला, कारण तो मेला नागपुरात. सरहद्दीवर जुने सुरुंग काढताना त्याचे दोन्ही पाय गेले. नागपूरला आणल्यावर सतरा दिवस दवाखान्यात काढले त्यानं. मी हवालदार, त्याच्याच गावचा, नरखेड तालुक्यातला. रोज त्याच्या खाटेशी बसायचो.

शेवटी म्हणाला, "उस्ताद, मले नाल्यापलीकडं पुरू नका. आजा तिथंच पुरला, माय तिथंच. मले गावच्या टिनाखाली जाळा."

मी हो म्हटलं. गावच्या मसणात टिनाचं शेड सरकारी, ओटा सरकारी, पाटीवर 'सर्वांसाठी' लिहिलेलं. अस्पृश्यतेविरुद्धचा कायदा नुकताच कडक झाला होता. अडवलं तर जेल. पण आमच्या गावात कायदा सकाळच्या एसटीनं यायचा आणि संध्याकाळच्या एसटीनं परत जायचा.

सत्याहत्तरचा मे महिना. सकाळी सहाला मधुकरचा देह घेऊन फौजेची वन-टन गाडी निघाली. आठ रायफली, एक बिगुलर, कमांडर मी. सलामीसाठी प्रत्येक रायफलीला तीन ब्लँक राउंड. ब्लँक म्हणजे आवाज आणि धूर, गोळी नसते. तीन फैरींपुरतेच मिळाले होते.

पावणेदहाला पोचलो. मधुकरच्या बापानं, दादारावांनी, अंगणात त्रिशरण-पंचशील म्हणवून घेतलं. अकराला तिरडी उचलली.

नदीच्या वळणावर बैलगाड्या आडव्या लावलेल्या. चाळीसेक माणसं, हातात लाठ्या. सगळ्यांत पुढं माझा सख्खा काका.

"काहून आडवे झाले, काका?"

"तुले मालूम नाही काय? त्याह्यची जागा नाल्यापलीकडं."

"राखेले जात असते काय?"

"फौजेत जाऊन लय शहाणा झाला! तुहा बाप याच ओट्यावर जळाला, काही लाज?"

"कायदा आहे, काका."

"कायदा तुह्या खिशात ठेव!"

पहिला दगड दादारावांच्या कपाळावर बसला. म्हातारा मटकन खाली बसला, रक्त डोळ्यांत उतरलं. मग लाठ्या. खांदा देणाऱ्या एका पोराचं कोपर मोडलं, तो आवाज मी ऐकला. तिरडी कलंडली. कोणीतरी तिच्यावर कुऱ्हाड घातली, बांबू दुभंगला, आणि तिरंग्यात गुंडाळलेला मधुकर धुळीत पडला.

लोक म्हणतात फौजी थंड डोक्याचा असतो. कसला थंड! माझं डोकं फिरलं.

"फायरिंग पार्टी, भर!"

बिगुलर कानाशी म्हणाला, "उस्ताद, ये तो सलामी का है."

"मालूम है. हवेत. फायर!"

पहिल्या फैरीला जमाव दोन पावलं मागं सरला. दुसरीला लाठ्या पडल्या. काका मात्र हलला नाही. छाती पुढं काढून ओरडला, "मार! काकाले मार!"

"फायर!"

काका दोन्ही हातांनी छाती धरून खाली बसला. त्याला वाटलं मी खरंच गोळी घातली. अंगावर ओरखडाही नव्हता. बाकीचे गाड्या, चपला टाकून पळाले.

साडेबाराला टिनाखाली सरण पेटलं. डोक्याला दुपट्टा बांधून दादारावांनीच अग्नी दिला. मी हुकूम दिला, "शोक शस्त्र." रायफलींच्या नळ्या जमिनीकडं झाल्या. बिगुल वाजला. पुढं फैरी हव्यात, पण रायफली रिकाम्या. ज्वाळांचाच काय तो आवाज.

दादारावांनी वळून विचारलं, "बंदुका नाही वाजवत काय गा? मधू सांगे, तीनदा वाजते म्हणे."

"संपल्या, बाबा."

 ते रक्त पुसत पुन्हा आगीकडं पाहू लागले. मधुकरची सलामी मी माझ्या काकावर उडवली होती. त्या ओट्यासमोर मला रडू आवरलं नाही, आणि आठ जवानांनी ते पाहिलं.

चौकशी झाली. माझ्या बाहीवरची एक पट्टी गेली, हवालदाराचा नाईक झालो. बरं झालं.

आता त्या टिनाखाली सगळेच जळतात. काकाही तिथंच जळाला. मी दर मे महिन्यात जातो, ओट्यासमोर सावधान उभा राहतो. हातात म्हातारपणाची काठी असते. मधुकरचं नाव घेतो आणि हुकूम देतो, "फायर." तीनदा. पोरं हसतात. हसू द्या.