बर्फावरच्या खोपट्याचं भिजत घोंगडं

सिंगापुरातल्या आंग मो किओ वस्तीत, दहाव्या मजल्यावर, घरातले सगळे पंखे पाचवर फिरत असताना, शून्याखाली पंचवीस अंशांत माणूस कसा तगेल याचा निशिकांत विचार करत होता. अंगात बनियन, कपाळावर घाम, आणि समोर जेवणाच्या टेबलावर पुठ्ठ्याचं एक खोपटं. त्याला चार भिंती होत्या, उतरतं छप्पर होतं, धुराडं होतं, जमिनीला दोन गोल भोकं होती आणि खाली खेळण्यातल्या मोटारीची दोन चाकं. महिनाभर टेबल त्या खोपट्याने अडवलं होतं, आणि निशिकांतची बायको सुनेत्रा सोफ्यावर बसून ताट मांडीवर घेऊन जेवत होती. तिने अजून तरी तोंडातून चकार शब्द काढला नव्हता, पण ताट ठेवताना होणारा आवाज दिवसेंदिवस वाढत चालला होता.

खोपटं राजससाठी होतं. राजस हा त्यांचा एकुलता एक मुलगा, वाढला सिंगापुरात आणि नोकरीला गेला कॅनडात, विनिपेगला. तिथलं मोठं सरोवर हिवाळ्यात इतकं गोठतं की लोक त्यावर गाड्या घालतात, बर्फाला भोक पाडतात आणि खाली गळ सोडून मासे धरतात. हौशी माणसांकडे त्यासाठी चाकांवरची खोली असते. ती गाडीमागे ओढत न्यायची, चाकं वर घेऊन बर्फावर सपाट बसवायची आणि आत स्टोव्ह पेटवून जमिनीतल्या भोकातून मासे काढायचे. राजसकडे खोली नव्हती. त्याच्याकडे कापडी तंबू होता.

गेल्या जानेवारीत निशिकांत त्या तंबूत बसून आला होता. गुडघ्याला गुडघा लागेल एवढीच जागा. फोनला रेंज नाही. हातात इतके जाड मोजे की नाक पुसायची सोय नाही. थंडीने दात नुसते कडाकडा वाजत होते. आणि तिथे, भोकातल्या काळ्या पाण्याकडे बघत, राजस बोलायला लागला. आदल्या वर्षी त्याची नोकरी गेली होती. दुसरी मिळेपर्यंत त्याने घरी पत्ता लागू दिला नव्हता. दर रविवारी फोनवर हसून ‘ऑल गुड’ म्हणायचा आणि फोन ठेवला की पुन्हा पांघरुणात शिरायचा. हे सगळं त्याने अडखळत, मराठीत सांगितलं. मुलगा बापाशी सलग इतकं कधी बोललाच नव्हता.

निशिकांत सिंगापूरला परतला आणि फोनवर पुन्हा ‘ऑल गुड’ सुरू झालं. जेवलास का, ऑल गुड. थंडी कशी आहे, ऑल गुड. त्या शब्दामागे काय काय लपू शकतं हे निशिकांतला आता कळून चुकलं होतं. मुलगा पुन्हा बोलायला हवा होता. त्यासाठी काय करायचं, याचं उत्तर त्याने कारखान्यात मोल्ड, म्हणजे साचे, डिझाइन करणाऱ्या माणसाच्या पद्धतीने काढलं. तंबूतून थंडीमुळे लवकर उठावं लागलं. ऊबदार खोली असली तर दिवसभर बसता येईल. दिवसभर बसलं की दिवसभर बोलणं होईल. माशांचं त्याला काही पडलेलं नव्हतं.

योगही जुळून आला होता. राजसच्या शेजारच्या म्हाताऱ्याकडे होडी वाहायचा एक जुना ट्रेलर गंजत पडला होता. हवा असेल तर घेऊन जा, नाहीतर या महिन्याअखेर भंगारात देतो, असं त्याने सांगितलं होतं. निशिकांत आता रिटायर झाला होता, हात शिवशिवत होते. बर्फ पडायच्या आत विनिपेगला जायचं, मागच्या अंगणात त्या ट्रेलरवर खोली चढवायची, सगळं डोक्यात तयार होतं. फक्त राजसने हो म्हणायचं बाकी होतं. आणि राजस म्हणत होता, “सी हाऊ ला, बाबा.”

सिंगापुरी पोरांचं हे ‘सी हाऊ’ म्हणजे आपलं ‘बघू’. हो नाही आणि नाहीही नाही, पण बहुतेक वेळा नाहीच. निशिकांतला हे ठाऊक नव्हतं असं नाही. कारखान्यात आयुष्य गेलं होतं त्याचं, आणि कुणी ‘सी हाऊ’ म्हटलेलं काम वेळेवर झालेलं त्याने पाहिलं नव्हतं. पण पोटच्या पोराच्या तोंडून ते आलं तेव्हा त्याने सोयीचा अर्थ लावला. कसं ते बघू, असं म्हणतोय ना? मग दाखवतो कसं. आणि त्याने ड्रॉइंग पाठवायचा सपाटा लावला.

आधी बाजूने दिसणारं खोपटं गेलं. मग वरून दिसणारं. मग चाकं वर घ्यायची युक्ती, बाणांसकट. मग भिंतीच्या आतला थर कसला घालायचा याबद्दल एक लांबलचक मेसेज, जो लिहायला सकाळ गेली. प्रत्येकाला उत्तर तेच. “नाइस. सी हाऊ.” एकदा नुसता अंगठा आला. त्या अंगठ्याने निशिकांतच्या अंगाचा तिळपापड झाला. पाणी शिरू नये म्हणून भोकांच्या कडेला रबर कसं बसवायचं, यावर त्याने डोकं फोडून घेतलं होतं, आणि पोरगा अंगठा दाखवतोय.

इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात अनिमेष भेटला. हा वन-नॉर्थच्या टेक कंपन्यांत नोकरी करणारा, कुठल्याही अडचणीवर फोन काढून दाखवणारा माणूस. त्याने तिथेच तयार खोल्यांची चित्रं शोधली. “काका, विकतच घ्या ना. घरपोच येईल.” निशिकांतने बटाटेवडा अर्धा ठेवला आणि घरी आला. विकत घ्यायचं असतं तर हा उपद्व्याप कशाला केला असता, हे त्याला अनिमेषला सांगता आलं नाही. स्वतःलाही ते नीट सांगता येत नव्हतं, म्हणून चिडचिड आणखी वाढली.

“अहो, तो बघू म्हणतोय,” सुनेत्रा शेवटी म्हणाली.

“मग बघायलाच तर पाठवतोय मी.”

“या घरात बघू म्हणजे काय ते मला विचारा. प्रायमरी थ्रीत, नऊ वर्षांचा होता तेव्हा पासिर रिसच्या समुद्रकिनाऱ्यावर तंबू ठोकून एक रात्र राहायचं म्हणून मागे लागला होता. तुमचं बघू अजून चालू आहे.”

“तेव्हा कामं होती.”

“हो. आता त्याला आहेत.”

निशिकांतने पुठ्ठ्याच्या धुराड्याला गरज नसताना आणखी गोंद लावला.

शनिवारी सकाळी तो खडू, टेप आणि दोन स्टूलं घेऊन खाली व्हॉइड डेकवर गेला. इमारतीखालच्या त्या मोकळ्या जागेत लग्नंही लागतात आणि मयतंही होतात, पण तिथे बर्फावरची खोली आखणारा तो पहिलाच असावा. टाइल्सवर ओणवा होऊन त्याने भिंती काढल्या, भोकं काढली, स्टोव्ह काढला, बॅटरी काढली, हत्यारांचं कपाट काढलं. शेजारचे टिओ अंकल कॉफीची, स्ट्रॉ खोचलेली प्लास्टिकची पिशवी हलवत येऊन उभे राहिले.

“अंकल, धिस वन वॉट? हॉपस्कॉच आ?”

“हाउस,” निशिकांत म्हणाला. “फॉर फिशिंग. ऑन आइस. इन कॅनडा.”

टिओ अंकलनी स्ट्रॉमधून एक घोट घेतला. “बेडोक जेटी कॅनॉट मे?”

आता इथल्याच समुद्रातल्या बेडोकच्या धक्क्यावर गळ टाकून मुलाच्या पोटातलं बाहेर येणार असतं तर सोन्याहून पिवळं होतं. निशिकांत नुसता हसला. खरं तर त्याला खडू फेकून द्यावासा वाटत होता.

तेवढ्यात सुनेत्रा भाजी घेऊन आली. त्याने तिला आग्रहाने आखणीत बोलावलं. कुठून यायचं हे तिला कळेना, तेव्हा “दार इकडे आहे” असं तो ओरडला, आणि ती बिचारी भिंतीतून मागे जाऊन दारातून आत आली आणि एका स्टुलावर बसली.

“हं. राजस कुठे बसणार?”

“तू बसलीस तिथेच. भोकापाशी.”

“आणि तुम्ही?”

तो जाऊन त्याच्या स्टुलावर बसला. समोर स्टोव्ह, हाताशी बॅटरी, वर कपाट. सगळं बसल्या जागेवरून करता येईल अशी मांडणी होती, आणि ती जमल्याचा त्याला अभिमान होता.

“मला तुमची पाठ दिसतेय,” सुनेत्रा मागून म्हणाली.

“स्टोव्हकडे कुणी बघायला नको? धूर कोंडला तर जीव जातील.”

“हं,” ती म्हणाली आणि भाजीची पिशवी घेऊन उठली. या वेळी ती भिंतीतूनच गेली.

खडू पुसायला त्याला बादली आणावी लागली. गुडघे टेकून फरशी पुसताना त्याचं डोकं इतकं तापलं की त्याने तिथेच ठरवलं, हे भिजत घोंगडं आता पुरे. उद्या फोनवर सोक्षमोक्ष लावायचा. सी हाऊ नको, अंगठा नको. एक शब्द.

रविवारी सकाळी स्क्रीनवर राजस आला. तिकडे शनिवारची संध्याकाळ होती. दाढी वाढलेली, अंगात जाड स्वेटर.

“हाय बाबा. ऑल गुड?”

“ते राहू दे. ट्रेलरचं सांग. हो की नाही.”

“बाबा, धिस वीक थोडं बिझी—”

“हो की नाही, राजस. त्या म्हाताऱ्याला सांगायचंय. बघू नको, सी हाऊ नको. एक काहीतरी बोल.”

राजसने आईकडे बघितलं. सुनेत्रा शेजारी बसून मटार सोलत होती. तिने मान वर केली नाही.

“नाही,” राजस म्हणाला.

हट्टाने मागून घेतलेलं उत्तर होतं, तरी ते कानफटात बसल्यासारखं लागलं. निशिकांतने पुठ्ठ्याचं खोपटं उगाचच थोडं बाजूला सरकवलं. “का? डिझाइनमध्ये चूक आहे?”

“डिझाइन सॉलिड आहे.”

“मग जड होईल? वजन मी काढलंय. तुझी गाडी ओढेल.”

“बाबा, ते नाही. त्याच्यात तू काम करत बसशील.” राजस शब्द शोधत होता. “स्टोव्ह बघशील. बॅटरी बघशील. दार घासतंय म्हणून ते काढून परत लावशील. मी काही बोलायला लागलो की तू म्हणशील, थांब, एक मिनिट. लहानपणी पण तसंच होतं. तू घरात असायचास, पण नेहमी काहीतरी रिपेअर करत असायचास.”

 निशिकांतच्या डोळ्यांसमोर स्टुलावरची त्याची स्वतःचीच पाठ आली.

“टेंटमध्ये तुला काहीच करता येत नव्हतं,” राजस म्हणाला. “तू नुसता बसला होतास. मी जॉबचं सांगितलं आणि तू एक शब्द पण बोलला नाहीस. नो ॲडव्हाइस, नथिंग. मला वाटलं होतं तू चिडशील, नाहीतर सीव्ही पाठव म्हणशील. तू फक्त ऐकलंस. फर्स्ट टाइम, बाबा. मला ते खूप बरं वाटलं. मला तेच पाहिजे. खोपटं नको.”

आता खरी गोष्ट अशी होती की त्या तंबूत निशिकांतकडे सल्ल्यांची कमी नव्हती. आधी का नाही सांगितलंस, बचत किती उरली होती, अमुकाला फोन का नाही केलास, सगळं जिभेच्या टोकावर आलं होतं. पण दात इतके वाजत होते की तोंड उघडलं असतं तर जीभच तुटली असती. दातखीळ बसली म्हणून तो गप्प राहिला होता. परत आल्यावर त्याने ही गंमत सुनेत्राला हसत हसत सांगितली होती. आज त्याला त्यात हसण्यासारखं काही दिसेना. पोराने इतके महिने जे जपून ठेवलं होतं ते थंडीने दिलेलं होतं, बापाने नाही, आणि या विचाराने त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्याने सुनेत्राकडे चोरून पाहिलं. एका शब्दात ती सगळं उघडं पाडू शकली असती. तिने एक शेंग सोलली, दाणे वाटीत टाकले आणि ताकास तूर लागू दिली नाही.

“बरं,” निशिकांत म्हणाला. “सांग त्या म्हाताऱ्याला, भंगारात दे म्हणावं. आपण तंबूतच बसू.”

“शुअर? तुला थंडी वाजेल.”

“वाजू दे.”

राजस हसला. मग हसणं विरलं आणि त्याने स्वेटरची बाही ओढून बोटांवर घेतली. लहानपणी शाळेतून काही बिनसून आला की तो असंच करायचा. “बाबा, अजून एक होतं. येत्या जानेवारीत सांगणार होतो, टेंटमध्ये. पण आत्ता बोलू?”

“बोल.”

“हा जॉब पण मला झेपत नाहीये. मी सोडायचा विचार करतोय.”

निशिकांतच्या तोंडाशी एकदम सगळं धावून आलं. आत्ता? या नोकरीला अजून वर्ष नाही झालं. दुसरी नोकरी हातात आहे का? तिकडच्या व्हिसाचं काय? डोक्यावर पंखा पाचवर फिरत होता, बनियन पाठीला चिकटला होता, आणि दात वाजायचं नाव घेत नव्हते. मग त्याने ते आवळून धरले. समोरचं खोपटं उचलून खाली जमिनीवर ठेवलं आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून तो बसून राहिला. तिकडे राजस बोलत होता.