विनंती बदली

मी ज्या प्लास्टिक सर्जरीच्या दवाखान्यात रिसेप्शनला बसते, तिथल्या सिस्टर रोज फुलंब्रीहून एसटीनं येतात. मिस्टर झेडपीचे मास्तर, त्यामुळं त्यांच्या बोलण्यात सारख्या बदल्या. पोटामांडीची चरबी काढून छातीत कशी भरतात, ते डॉक्टर मॅडम चित्र काढून समजावतात. बायका मान डोलावतात आणि बाहेर येऊन सिस्टरना विचारतात.

"भायेरचं काय बसवत नाय, ताई," सिस्टर बशीत चहा ओतत सांगतात. "तुमचीच चरबी. मांडीवरनं छातीवर बदली. पण समदी रुजू व्हत नाय, थोडी जिरून जाती. जेवढी रुजू झाली तेवढी आपली."

परवा एकजण बायकोला घेऊन आला. तिचं वय, तिची तब्येत, तिला किती मोठी छाती हवी, सगळं तोच सांगत होता. ती पर्सची चेन उघडमीट करत बसली होती. आमचं कपाट कापसानं भरलेलं असताना सिस्टरनी त्याला मेडिकलमधून कापूस आणायला पिटाळलं.

"ताई, ही विनंती बदली हाय का प्रशासकीय? म्हंजे तुम्ही मागितली, का वरनं आदेश आला?"

ती आधी हसली. मग दाराकडं बघत म्हणाली, "वरनं."

सिस्टर आत जाऊन मॅडमशी बोलून आल्या. तो कापूस घेऊन परतला.

"बदलीला स्थगिती हाय, साहेब. पुढच्या टायमाला ताईंनी एकटीनं येऊन अर्ज द्यायचा. नियम हाय."

त्यानं माझ्याकडं वळून विचारलं, "असा नियम कधीपासून आहे?"

"पहिल्यापासून," मी म्हणाले.