वीत की टीच

मागच्या हिवाळ्यात पैनगंगेचा डोह मेला, तेव्हा तांड्यात कोणी सुतक पाळलं नाही. हिरीबाईनं पाळलं. चूल पेटली, भाकऱ्या झाल्या, लेकरंबाळं जेवली. पण तिनं देवापुढं भोग काही लावला नाही. "याडी खाली सडून राह्यली, न् मी वरतं गूळ-तूप कायले लावू?" म्हणायची. याडी म्हणजे आई, आणि हिरीबाईच्या लेखी नदी ती आईच.

तांडा रिठद गावाच्या पुढं, नदीच्या उतारावर. वरच्या अंगाला बंधारा, त्याच्याही वर गव्हा-हरभऱ्याची शेतं, आणि खाली खडकातला डोह. पावसाळा सरला की बंधाऱ्याची दारं पडायची, मग खाली थेंब येत नसे. पौष लागेस्तोवर डोहावर हिरवी साय धरे. घागर बुडवायची तर नाकाला पदर. वाम मासोळी गेली, शिंगाडा मासा गेला, मुरी उताणी तरंगली. उरली ती बाहेरून आलेली तिलापिया, जिला गटारही गोड लागतं. ती घेऊन हिरीबाई बाजारात बसली की गिऱ्हाईक वास घेऊनच पुढं सरके. मासोळीचा आधार तुटला की घराला एकच वाट राही, ऊसतोडीची गाडी.

यंदा मात्र सून निताला दिवस गेलेले. उसाच्या फडात, पाचटाच्या खोपीत बाळंत झालेल्या बाया हिरीबाईनं पाहिल्या होत्या. एक तर तिची सख्खी बहीण. ती परत आलीच नाही. त्यामुळं पोरगा बादल जेव्हा म्हणाला, "टोळी जाऊन राह्यली याडी, नाव लावू का?" तेव्हा तिनं त्याचा हात धरला.

"संक्रांतीपर्यंत थांब. डोह जगला तर कोनी जात नाई."

"न् मेला तर?"

"मंग दुसऱ्या गाडीनं जा. मी काई म्हननार नाई."

बोलून तर बसली. आता डोह जगवायचा कसा?

दारं पडायच्या आधी सेवालाल महाराजांच्या देवळापुढं पाणीवाटपाची बैठक बसली. तांड्याचे नायक गोविंदसिंग मधोमध. त्यांची शेतं बंधाऱ्याच्या वर, पाण्याला लागून. पाटबंधारे खात्याचे साहेब रविकांतही आले होते. हिरीबाई बायांच्या घोळक्यातून उठली.

"नायक, बिमार मानसाच्या तोंडात आपुन घोट घोट पानी घालतो का नाई? तसं नदीच्या तोंडात घाला. रोज थोडं. सबन नोका सोडू."

"मासोळ्यायले पानी पाजायचं, न् माह्या हरभऱ्यानं काय तुह्या तोंडाकडं पाहावं?" नायक म्हणाले. माणसं खो खो हसली.

साहेब मात्र हसले नाहीत. बाईचं बरोबर आहे म्हणाले. कोपऱ्यातलं लहान दार रोज सकाळी प्रहरभर खालून उचललं, तर तळाचं कुजकं पाणी हलतं, डोहाला दम मिळतो, मासा तगतो, आणि वरच्या साठ्याला फारशी तोशीस लागत नाही. खात्याकडून तसं करायला मुभाही आहे. फक्त गावाची संमती पाहिजे.

मग दार किती उचलायचं यावर रण पेटलं. हातभर, म्हणाले खालचे. बोटभर, म्हणाले वरचे. शेवटी नायकांनी मांडीवर थाप मारली, "एक वीत! झालं? लिहा साहेब." सगळ्यांनी माना डोलावल्या, ठराव झाला, हिरीबाईनं देवळाच्या पायरीला डोकं टेकवलं.

दारं पडली. पहिल्या सकाळी हिरीबाई डोहाच्या काठी जाऊन उभी राहिली. खडकातून पाणी आलं खरं, पण कसं? म्हाताऱ्याच्या लाळेसारखं. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. आठवडा गेला आणि काठाला हिरवा धागा दिसू लागला. बादलनं तो पाहिला. घरी जाऊन कोयता घासायला बसला. तो आवाज हिरीबाईच्या काळजातून गेला.

ती तडक बंधाऱ्यावर गेली. दारं सांभाळायला किसनसिंग होता.

"काहून रे किसन, वीत ठरली होती ना?"

"वीतच हाये ना काकी! पाय, मोजून दावतो." त्यानं दाराखाली हात धरला. खाली अंगठा, वर तर्जनी.

हिरीबाई बघतच राहिली. "हे काय हाये?"

"वीत."

"अरे मुडद्या, हे टीच हाये टीच! अंगठा न् पयलं बोट म्हंजे टीच. अंगठा न् करंगळी म्हंजे वीत. तुह्या मायनं तुले काईच शिकवलं नाई का?"

किसनसिंग गोंधळला. "नायकानं असंच दावलं होतं काकी. मले काय ठाव? आमी तर टेपानं मोजतो."

गलका ऐकून वरच्या शेतांतली माणसं आली, खालून बाया आल्या, आणि मोटारसायकलवरून नायकही. "काय कल्ला करून राह्यली वं हिरी? आमच्यात यालेच वीत म्हनतात," त्यांनीही अंगठा आणि तर्जनी ताणून दाखवली.

आता सगळे हिरीबाईकडं बघू लागले. नायकाला तोंडावर खोटं पाडायचं म्हणजे तांड्यात साधी गोष्ट नव्हे. तिनं मनातल्या मनात पोहरादेवीला हात जोडले आणि तोंड उघडलं.

"नायक, तुमच्या लेकीच्या लग्नात घागऱ्याचा घेर कोनी मोजला?"

"तू. मंग?"

"कायनं मोजला?"

"वितीनं."

"ह्याच ना?" तिनं पंजा पसरला, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत. "तव्हा पुरी होती. पोरगी घागरा घालून नांदाले गेली, तिच्या सासूनंही तोंड वाकडं केलं नाई. आता नदीची पाळी आली, तं तुमची वीत टिचली का नायक? टिचली म्हनून टीच झाली?"

 मग मागून कुणीतरी फिसकन हसलं, आणि सगळा बंधाराच हसायला लागला. वरचे हसले, खालचे हसले, किसनसिंग तर दाराची चक्री धरून वाकला. नायकांनी मिशीवरून हात फिरवला. मिशीखाली त्यांचंही हसू अडकलेलं होतं. पण डोळ्यांत काळजी होती.

"हिरी, हसन्यावारी नेऊ नोको. दोन सालं माह्या हरभऱ्यानं माती खाल्ली. पानी सरलं तं?"

हा माणूस कंजूस नाही, भ्यालेला आहे, हे हिरीबाईला तेव्हा कळलं. ती पुढं झाली, आवाज खाली आला. "तुमच्या शेवटच्या पान्याले कमी पडलं, तं मी सोता येऊन दार खाली करीन. देवीची आन. डोह गेला तरी चालंन."

देवीची आण घातल्यावर तांड्यात पुढं बोलणं उरत नाही. नायकांनी किसनसिंगला हात केला, "उचल. वीतभर उचल. करंगळीची."

चक्री कुरकुरली. दाराखालून आधी काळं, वासाचं पाणी निघालं. मग गढूळ, मग स्वच्छ, आणि खालच्या खडकांवर असं आदळलं की बायांनी कान झाकले.

रोज सकाळी तसंच. काठाचा हिरवा धागा आठवडाभरात वाहून गेला. डोहाचा तळ दिसू लागला, वाळू दिसू लागली. बाया नाकाचा पदर सोडून घागरी बुडवू लागल्या. आणि वर? वर हरभऱ्याला घाटे धरले, शेवटचं पाणीही मिळालं. देवीनं आण पाळायची वेळच आणली नाही. एक दिवस खुद्द नायक डोहावर आले, टोपलीत वाकून म्हणाले, "वाम दे एक, चांगली पाहून."

"किती मोठी देऊ? तुमच्या मापानं का माह्या?"

"दे ना वं गुमान!" नायक म्हणाले, आणि लांबलचक वाम पिशवीत घालून शेजाऱ्यापाजाऱ्यांना दाखवत गेले.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी सडकेवर ऊसतोडीचा ट्रक येऊन उभा राहिला. मुकादमानं भोंगा वाजवला. "बादल! ओ बादल! जागा ठेवली रे दोघायची!"

बादल कमरेइतक्या पाण्यात उभा होता. जाळ्याचं एक टोक त्याच्या हातात, दुसरं बाप धनसिंगच्या. नितानं काठावरून सडकेकडं पाहिलं, मग नवऱ्याकडं. हिरीबाईनं कोणाकडंच पाहिलं नाही. तिचा जीव सगळा त्या जाळ्यात. जाळं जड होतं, धडपडत होतं, आणि उन्हात आत काहीतरी चकाकलं. पिवळसर, मिशीवाला. शिंगाडा! कितीक हिवाळ्यांत या पाण्यात कोणी पाहिला नव्हता.

भोंगा पुन्हा वाजला.

"जागा दुसऱ्याले दे मुकादम!" बादल ओरडला. "माहे हात गुतले हायेत!"

ट्रक गुरगुरला आणि धूळ उडवत निघून गेला. "ओढ रे, तोंडाकडं काय पायतं!" धनसिंग खेकसला. हिरीबाईनं लुगड्याचा काचा मारला, पाण्यात उतरली आणि मधलं जाळं छातीशी धरून ओढू लागली.